जोडीतलं दुसरं पिस्तूल

४ ऑक्टोबर
आले बाई एकदाची श्रॉपशरला, नवऱ्याच्या घरी! लग्नाला आठवडा झाला नाही तोच सवत भेटली: भिंतभर द्वंद्वयुद्धाची जुनी पिस्तुलं. ॲम्ब्रोजचं लाडकं मात्र अक्रोडी पेटीतलं. खाचा दोन, पिस्तूल एकच. जोडीदार कित्येक वर्षं शोधतोय बिचारा. पिस्तुलाचा तो जोडीदार माझ्या ट्रंकेत होता, लंडनच्या लिलावात मिळालेला! खाचेत चपखल बसला तेव्हा ॲम्ब्रोज वेडा चक्क रडला. चाप इतका हलका की फुंकरीनंही सुटेल, म्हणाला.

५ ऑक्टोबर
स्वयंपाकीण मिसेस प्रुएटनं नाक मुरडलं. म्हणाली, जोडी आपोआप फुटत नसते बाईसाहेब, कुणा शहाण्यानं मुद्दाम फोडली असेल. मी म्हटलं, तुम्ही आपला रस्सा ढवळा. ॲम्ब्रोजनं साफ करायला माझ्या पिस्तुलाच्या नळीत गज घातला, तर तो मध्येच अडला. आत जुनी गोळी होती. त्यानं ती काढून माझ्या तळहातावर ठेवली. थंडगार होती.

८ ऑक्टोबर
गज पुन्हा अडला. मी गोळी भरली नाही, त्यानंही नाही. सकाळी तो आपलं पिस्तूल घेऊन कुरणात उभा होता, अंग तिरपं करून. समोर कुणीच नाही. हाक मारली तर मला म्हणतो, महाशय, उशीर केलात.

११ ऑक्टोबर
माझं पिस्तूल तळ्यात फेकलं. जेवणाच्या वेळी पेटीत होतं, कोरडं. त्याच्या छातीवर गोल काळा डाग आलाय.

१३ ऑक्टोबर
डाग ओला झालाय. डॉक्टरनं हात टेकले. ॲम्ब्रोज मला ओळखत नाही. देवा, मीच आणलं हे घरात, हौसेनं, मीच —

१४ ऑक्टोबर
कुठल्याशा जुन्या द्वंद्वातला एक बार माझ्या पिस्तुलात उरलाय. तो होईपर्यंत ॲम्ब्रोज रोज उभा राहणार, रोज थोडा मरणार. तो बार मीच झाडते, आभाळात. तशीही रीत होती, त्यानंच सांगितलेली. वर झाडला की मान राहतो, माणूसही राहतो.

कुरणात
वही कुंपणाच्या खांबावर. डाव्या हातानं लिहितेय. पिस्तूल वर धरलंय. तो समोर —
त्यानं मला ‘नेली’ म्हटलं, माझ्या नावानं! ओळखलं मला! म्हणतोय, नेली, टाक ते, टाक —
बोटं सुटत नाहीत. हात खाली येतोय. मी नाही आणत —
त्याच्या छातीशी —
चाप सुटू नये म्हणून श्वास रोखलाय. किती वेळ —
ॲम्ब्रोज, पळ, अरे पळ