उन्हाळ्यातला फोटो

आई, आपल्या गावामागच्या गायरानाचं काय झालं ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तू गेलीस तेव्हा तिथली झाडं माणसाच्या डोक्यावर गेली होती. येरमाळ्याकडनं येताना एस्टीतून दिसली की तू शेजारच्या बाईला ढोसायचीस, "ती बघ, माझी." बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर त्या माळाला झाडांचे खड्डे खांदलेस ना, म्हणून. सुकडी खायची आणि दिवसभर टिकाव मारायचा. दुपारी बाया गुळाचा काळा चहा उकळायच्या, तो पिताना तू तोंड वाकडं करायचीस. "शिकून नोकरीला लाग, मंग मला साखरंचा पाज." पुढं एका चैतात मी चुलीसाठी शिरसाची वाळकी फांदी मोडली, तर पाठीत काय धपका घातलास! "मेली म्हनून मोडतीस व्हय गं? आदी नख लावून बघ की." मी रडत रडत साल खरवडते. आत हिरवं आहे, ओलं.

नोकरी लागली, पण तू गेल्यावर. उपग्रहानं आभाळातून काढलेले फोटो बघून जिल्ह्यात जंगल कुठं आहे ते नकाशावर भरायचं, हे माझं काम. त्या फोटोत हिरवं पान लाल दिसतं आणि उघडी जमीन राखाडी. आमच्या साहेबानं निवडला उन्हाळ्यातला फोटो, का तर ढग नाहीत. उन्हाळ्यात आपल्याकडं लाल काय दिसणार? साखर कारखान्याच्या चेअरमनचा ऊस! बाया घागरी घेऊन मैलभर हिंडतायत आणि माळाखाली ह्याचा ऊस पाण्यात उभा. साहेबानं तो जंगल म्हणून रंगवायला लावला. आणि तुझा माळ पानगळीनं बोडका, म्हणून लिहिलं 'पडीक'.

मला वाटलं, चुकून झालं असेल. हिवाळ्यातला फोटो कपाटातच होता, तो काढून टेबलावर ठेवला. त्यात माळ लालबुंद. चेअरमन तिथंच बसला होता, गोदामं बांधायला पडीक जागा मागत. "साहेब, झाडं जित्ती हैत, पानं गळल्यात नुसती," मी म्हणाले. संतापले की माझं गावचंच तोंड सुटतं. साहेब म्हणाला, "बाई, उपग्रह काय खोटं बोलतो? जंगल कमी झालेलं नाही. जरा खाली सरकलंय, एवढंच." दोघं खो खो हसले. मग चेअरमननं चहाची बशी त्या फोटोवरच ठेवली, आपल्या माळावर, आणि चमच्यावर चमचे साखर ओतून भुरके मारत बसला. शी! त्याच्या मिशांना लागलेला तो चिकट चहा अजून दिसतो मला. वर तक्रार केली, तर वरचे त्याच्याच पंगतीतले.

पावसाच्या तोंडाशी माळ साफ केला. मी बघायला गेले. नख लावायची गरजच नव्हती, कापल्या जागी सगळं ओलं होतं.

आता माझेही केस पिकले. हे पत्र कुठं टाकायचं, तुला तरी ठाऊक आहे का? उशाखाली ठेवीन. एक मात्र सांगते. मी चहा बिनसाखरेचा पिते. सून पाहुण्यांना सांगते, आत्यांना डायबिटीस आहे, आणि मी मान डोलावते. मला काही झालेलं नाही गं. तुला पाजायचा राहिला तो साखरेचा चहा, आणि मला साखरेची किळस येते.