हात कुठवर जातो

४ डिसेंबर
सदऱ्यात अडकलो! एक बाही निघाली, डोकं अर्धं आत, आणि उजवा खांदा असा आखडला की ना वर ना खाली. डोळ्यांसमोर नुसतं पांढरं कापड. हाक तरी कुणाला मारणार? ही गेल्यापासून घरात भिंतीच ऐकतात. शेवटी पलंगाच्या कडेला बसून, कापड दातात धरून ओढलं. काखेत टरकन फाटलं तेव्हा सुटलो.

मुलाला फोनवर सांगायला नको होतं. सांगून बसलो. म्हणाला, "बाबा, मार्चमध्ये येतो. हात असाच राहिला तर सरळ माझ्याकडे चलायचं. एकटं ठेवणार नाही."

त्याच्याकडे मागे एकदा राहिलो होतो. टीव्हीचा आवाज बारीक करून बसायचो. खोकला आला तरी उशीत. तिथे जायचं नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

९ डिसेंबर
हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे गेलो. वयाने माझ्या सुनेएवढ्या असतील. पण अंगठे! आईशप्पथ, पक्कड बरी.

मी आधीच सांगितलं, झटका देऊ नका, मोडेल. हसल्या. "काका, मी झटके देत नाही. सुटेल तेवढंच सोडवते. दुखलं तर बोला, शिव्या दिल्यात तरी चालेल." कोपराखाली एक हात, खांद्यावर एक, आणि सावकाश फिरवत राहिल्या. दुखलं तर खूपच. पण इतका वेळ कुणी हात धरून बसलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, दुखण्याचं.

१० डिसेंबर
दिवसभर कुणाशी बोललो नाही. खांदा ठणकतो.

१७ डिसेंबर
घरचा अभ्यास दिला आहे. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी कोळ्यासारखं वर चढायचं. जिथे हात थांबेल तिथे पेन्सिलीची खूण. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, पोराबाळांच्या रेघोट्या पुसल्या, आणि आता स्वतःच्या भिंतीवर रेघोट्या मारतो आहे! छत रंगवणारा माणूस मी. आता स्वतःच्या डोक्याला तेल लावता येत नाही.

पहिली खूण हनुवटीच्या जरा खाली.

२ जानेवारी
आज बाई ओरडल्या. खूण चांगली कपाळापर्यंत नेली म्हणून मी खुशीत सांगितलं. "दाखवा बरं," म्हणाल्या. दाखवलं. "काका, लबाडी! खांदा कानाला लावलात आणि टाचाही उचलल्यात. चढायला हात हवा, तुम्ही नाही." खांद्यावर तळवा दाबून धरला. मग हात गेला कुठवर? नाकापर्यंत.

घरी येऊन वरच्या सगळ्या खुणा खोडल्या. खोट्याच होत्या.

११ जानेवारी
शेजारचा निवृत्त कंडक्टर आला. त्याच्या ओळखीचा एक हाडं बसवणारा आहे म्हणे. "एकच झटका, आणि माणूस मोकळा!" मी म्हटलं, मोकळा म्हणजे कसला मोकळा? कायमचा? तर म्हणतो, "तुम्ही ना, जन्माचे भित्रे." असेन. चहा प्यायला आणि गेला. थोडा वेळ बसला असता तर बरं झालं असतं. पण मीच तोंड वाकडं केलं होतं.

३ फेब्रुवारी
मुलाचा फोन. मागची छोटी खोली रिकामी केली आहे. सूनबाई मागून म्हणाली, "बाबांना खिडकीपाशी पलंग लावू." मी म्हटलं, कशाला उगाच सामान हलवता! हात सुधारतो आहे. तो म्हणाला, "बघू आल्यावर."

बघू काय बघू! दुपारी पुन्हा भिंतीशी उभा राहिलो. खांदा खाली ठेवून. घाम फुटला.

२६ फेब्रुवारी
गेला! हात पार डोक्यावर गेला, कानाला दंड टेकला! टाचा जमिनीवर. बाईंनी टाळ्या वाजवल्या. "काका, जिंकलात. आता इथे यायची गरज नाही. घरीच करत राहा."

मी म्हटलं, अजून जरा कुरकुरतो. त्या म्हणाल्या, "कुरकुरू द्या. दारंही कुरकुरतात." आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी येऊन सदरा डोक्यावरून काढला, घातला, परत काढला. दाखवणार कुणाला? फोनवर नाही सांगत. मुलगा आला की समोरच दाखवीन. मग म्हणावं, ने आता!

७ मार्च
मुलगा आला. केस पांढरे झालेत त्याचे, फोनवर कळत नाही.

आंघोळ करून मी सदरा हातात घेतला. आता दाखवायचंच होतं. तेवढ्यात हा आला. "थांबा बाबा. दुखरा हात आधी घालायचा असतो. मोबाइलवर बघून आलोय." माझं मनगट धरलं, बाही वर सरकवली, इतकी सावकाश की जणू काच आहे. मग गुंड्या. वरची गुंडी लावताना त्याची बोटं गळ्याला लागली. लहानपणी मी त्याच्या लावायचो तर एक जागी उभा राहायचा नाही. "दुखलं का?" म्हणाला.

मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही.

८ मार्च
सकाळी म्हणाला, "चला, हात वर करून दाखवा. कुठवर जातो?"

छातीपर्यंत नेला. आई गं म्हणालो.

"बॅग कुठे आहे तुमची?"

माळ्यावर, म्हटलं. माझा हात पोचत नाही.