पाळण्याखालचं भांडं

प्रिय उल्कान,

पत्र बघून तोंड वाकडं करशील, करून घे. फोन तू उचलत नाहीस, आणि निरोप धाडला तर तुझी सासू अर्धा गिळून उरलेल्याला तिखटमीठ लावेल. म्हणून लिहायला बसले. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे. फाडायचं तर वाचून फाड.

भरबाजारात मी तुझ्या नवऱ्याला बोलले ते अख्ख्या उझगेन गावानं ऐकलं. पण माझ्या जागी तू असतीस तर? माझा नातू बेक्तूर पाळण्यात पट्ट्यांनी बांधलेला, मूत खाली उतरावा म्हणून त्याला तुझ्या नवऱ्यानं, मामासालीनं कोरलेली जर्दाळूच्या लाकडाची नळी लावलेली, आणि खालचं भांडं बघावं तर जेमतेम ओलं. पोरगं दिवसभर दूध ओढतंय, मग मूत जातो कुठे? पहिला संशय सुनेवर. झिबेक शहरात वाढलेली, माझी पाठ फिरली की पट्ट्या सोडून दुकानातले लंगोट लावत असणार. कचरा उपसून बघितला, काही नाही. मग वाटलं, दूधच पाजत नसेल. तर तिची कुडती दुधानं भिजलेली. मग शेजारणीची नजर. मग तुझा नवरा. त्यानं गुमान दुसरी नळी करून दिली, तरी तेच. मला वाटलं, चिडून मुद्दाम मुलींसाठी कोरतात तसली नळी दिली. तेव्हा मी बाजार गाठला.

तिथून परतले तर झिबेक दारात उभी, एका हातात नळी, दुसऱ्या हातात किटली. तिनं नळीत वरून पाणी ओतलं. सरळ धार. मग म्हणाली, "अहो आई, नळीला शिव्या देऊन झाल्या असतील तर आता पोराकडे बघू या का?" एवढी जीभ तिला कधी फुटली कोण जाणे.

पट्ट्या सोडल्या. या वयाचं पोरगं समोरच्याचं थोबाड भिजवतं. हा कुंथला, लालबुंद झाला, बेंबीखाली पोट दगडासारखं, आणि आले काय, तर थेंब. एक, मग थांबून दुसरा.

तसंच उचलून ओश शहरात नेलं. तिथली डॉक्टरीण माझ्या मुलाहून लहान. पोटाला गार चिकट काहीतरी चोपडून यंत्र फिरवलं. मला वाटलं, उगाच घाबरवतेय. पण तिनं कागदावर चित्र काढलं आणि मला ते लगेच ओळखू आलं. मेंढ्यांची पोटं फाडण्यात माझा जन्म गेला, मला काय माहीत नाही? दोन मूत्रपिंडं, प्रत्येकाला दोऱ्याएवढी नळी, ती उतरते मूत्राशयात. बेक्तूरच्या त्या नळ्या आतड्याएवढ्या फुगलेल्या. मूत्राशयाच्या खाली, बाहेरच्या वाटेवर, कातडीचा पातळ पडदा. आईच्या पोटात ती वाट घडत असतानाच तो राहून गेला म्हणे. मूत आला की पडदा शिडासारखा फुगून वाट अडवतो. मूत्राशय रेटून रेटून जाड होतं, मूत उलटा वर चढतो, आणि जी मूत्रपिंडं रात्रंदिवस रक्त गाळतात तीच बुडायला लागतात.

मी विचारलं, पोटुशी असताना हिनं जड बादल्या उचलल्या का? कुणाची नजर लागली? ती म्हणाली, कुणीच काही केलेलं नाही, तो तसाच घडला. असलं उत्तर मला सोसत नाही, उल्कान. मग भांडायचं कुणाशी?

आतूनच बारीक हत्यार घालून पडदा कापला. डावं मूत्रपिंड पुरतं सुधारायचं नाही, उजवं निभावून नेईल. पहिली धार सुटली ती झिबेकच्या बाहीवर. ती हसत सुटली आणि हसता हसता रडली. मामासालीला सांग, नळी सरळच होती. माफी मी पत्रातून मागत नाही, दारात येऊन मागेन.

पण पत्र त्यासाठी नाही. निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नात्यात आणखी तान्हे मुलगे आहेत का? क्वचितच, पण एका रक्तात पुन्हा निघू शकतं. आपण तर एका आईच्या लेकी, आणि मला तुझी लेक आठवली, तिचं तान्हं आठवलं. परवा मिरचीवालीला मिरवून सांगत होती, आमचा आयदार किती शहाणा, भांडं भरतच नाही त्याचं. माझा स्वभाव संशयी, तुला नवीन नाही. खोटी ठरले तर जन्मभर चिडव. पण उद्या सकाळी दूध पाजून झालं की त्याच्या पट्ट्या सोड आणि समोर बस. धार तोंडावर आली तर पुसून घे आणि माझ्या नावानं पोटभर हस. थेंब आले तर पोराला घेऊन ओशची पहिली गाडी पकड. मी स्टँडवर उभी असेन. अबोला मोडायची गरज नाही, शेजारी बसून गप्प राहता येतं मला.

तुझीच,
या खेपेला चुकलेलीच बरी,
बातमा