एकोणीस घरांचा होकार

लोणावळा, ८ जानेवारी २०२६

ती. स्व. गोपाळदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने लोकांचं मत घेण्यासाठी काढलेले कागद घेऊन परवा बेडसे गावी जाऊन आले. अकरा वर्षं माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या कस्तुराबाई तिथल्याच. त्यांनीच घरोघर फिरवलं. गावोगावी बस हवी म्हणून पेट्रोल, डिझेल, गॅसवरचा कर वाढवावा का, हा तुझा प्रश्न मी आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर धडा वाचायच्या तसा सावकाश वाचला. एकोणीस घरं, एकोणीस बायकांचे होकार! चहाही एकोणीस वेळा झाला, नाही म्हणता येईना. जन्मभर मास्तरकी केलीस, पण इतक्या बायकांनी तुझं एकमताने कधी ऐकलं नसेल. वहिनी धरून. सह्यांचे कागद सोबत आहेत.

थंडी फार आहे, कानटोपी घालत जा. धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
चंद्रिका

तळेगाव, १३ जानेवारी

चि. चंद्रिकेस,
अ. उ. आ.

शाबास! इथे गाडीवाले लोक कर म्हटला की भांडायला उठतात, आणि बेडशाच्या बायका बघ किती पुढचं पाहतात. पंचवीस तारखेच्या सभेत ‘ग्रामीण मावळाचा एकमुखी पाठिंबा’ असा ठराव करून सरकारकडे पाठवतो. तुझा टोमणा वहिनीने दोनदा वाचला, मोठ्याने.

तिळगूळ पोचला. असाच गोडवा राहो.

गोपाळकृष्ण

लोणावळा, १९ जानेवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. ठराव थांबव.

कस्तुराबाई तीन दिवस आल्या नाहीत म्हणून न कळवता बेडशाला गेले. घर धुराने भरलेलं, त्या चुलीपुढे खोकत बसलेल्या. सिलिंडर कोपऱ्यात झाकून ठेवलेला. गॅस पाव्हण्यांपुरता, म्हणाल्या, समद्यांकडं तसंच. त्या दिवशी एकोणीस घरांनी माझ्यासाठी गॅसची शेगडी पेटवली, दादा, आणि मला वाटलं ती रोजच पेटते.

मग हो का म्हणालात, असं विचारलं. तर हसल्या. म्हणाल्या, बाई, दारी आलेल्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं? आपला च्या पिऊन बसलेल्याला तर न्हाईच! कामशेतपर्यंतच्या रिक्षाचं भाडं आत्ताच लय झालंय. पेट्रोल महागून ते आणखी वाढलं तर त्यांना लोणावळ्याचं काम सोडावं लागेल. हे मला अकरा वर्षांत पहिल्यांदा कळलं, तेही खोदून विचारल्यावर.

माझं स्वतःचं मत अजूनही ‘हो’च आहे, मला परवडतं. पण माझ्या होकाराखाली त्यांची नावं नकोत.

रागावलास तरी पत्र लिही.

चंद्रिका

तळेगाव, २७ जानेवारी

चि. चंद्रिकेस,
अ. उ. आ.

दोन दिवस रागावलो होतो, कबूल. सभेत अध्यक्ष म्हणाले, सह्या आहेत ना, मग कुणाला कळणार? मी म्हटलं, माझ्या बहिणीला कळलंय. ठराव बारगळला. दोघेजण माझ्याशी बोलेनासे झालेत. त्यातल्या एकाचं मला तसंही ऐकू येत नव्हतं.

एकोणीस कागद परत पाठवतो आहे. जिचा तिच्या हाती दे, हवं तर उत्तर बदलू दे. उंबऱ्याबाहेरूनच दे, कुणी कितीही बोलावलं तरी आत जाऊन बसू नकोस. त्यांना नाही म्हणायला जागा राहू दे.

तुझा,
दादा