ऑइल कोण टाकणार

सानपाडा, रविवार

तीर्थरूप आप्पा,

तुम्हा दोघांना नमस्कार. इथे सगळे बरे आहोत, अबोलीची परीक्षाही नीट झाली. आईचा गुडघा कसा आहे?

परवा फोनवर तुमची जुनी स्कूटर झकास चालते म्हणालो, ते खोटं होतं. तुम्ही लगेच आईला ओरडून सांगितलंत, “अगं, सुहासनं इंजिन बांधलं!” मग खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

इंजिन मीच उतरवलं, सिलिंडरचा बोअर वाढवून मोठा पिस्टन बसवला. टाकी रंगवताना तुम्ही चिकटवलेली ‘लिटरला एक माप ऑइल’ ही चिठ्ठी खरवडून काढली आणि कारमध्ये भरतो तसं नुसतं पेट्रोल भरलं. पुलावर इंजिन जाम झालं. मेकॅनिक हसला, “काका, पेट्रोलमध्ये ऑइल कोण टाकणार? तुमचे पप्पा?”

खरंच आप्पा, कायम तुम्हीच टाकत होतात. मी नुसता मागे बसायचो.

दिवाळीपर्यंत गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. नवा पिस्टनही आणलाय. पण इंजिन अजून पुन्हा उघडलेलं नाही. तुम्ही या. तुम्ही सांगा, मी पाने हातात देतो.

तुमचा,
सुहास