डाव्या बुटाची नाडी

शनिवार, २ मार्च

तीर्थरूप बाबांस,

नमस्कार. साष्टांग घालायचा तर दोन्ही हात डोक्यापुढे न्यावे लागतात. माझा उजवा आता कानापर्यंतच जातो, तेव्हा उभ्यानेच घ्या.

इकडे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे, जिने चढताना अजून त्रास होतो का, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. उत्तराची घाई नाही.

आई हे पत्र तुमच्या हातात देईल, तेव्हा ती स्टेशनावर एकटीच उतरलेली असेल. धाकटी कुठे आहे म्हणून तिथेच तिच्यावर आवाज चढवू नका. धाकटी सुखरूप आहे. बाकीचं पुढे लिहिलंय, ते या वेळी मधे न उठता वाचायचं. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. कागदाचं तोंड तुम्हाला बंद करता येणार नाही, म्हणून हा खटाटोप.

तुमची मुलाखत वाचली. मी काम करते त्या टेनिस क्लबातल्या कोणीतरी पेपरचं ते पान मुद्दाम माझ्या टेबलावर ठेवलं होतं. थोरलीची दुखापत शरीराची कमी आणि मनाची जास्त होती, धाकटी मात्र कणखर आहे, असं तुम्ही म्हणालात. उचलली जीभ लावली टाळ्याला. मग माझ्या मनात दोन स्क्रू आहेत म्हणायचे, एक्स-रेमध्ये छान दिसतात. मी डाव्या हाताने केस विंचरते, कपडे वाळत घालायला स्टुलावर चढते, वरच्या फळीवरचा डबा काढायला शेजारणीला हाक मारते. हे सगळं मनाचेच खेळ असतील तर माझं मन फारच कामसू आहे.

त्या पानावर तुमचा फोटो होता, बिनटोपीचा. तुमचे केस इतके पांढरे झालेत हे मला त्या फोटोत कळलं. कारण खेळाच्या मैदानावर तुम्ही टोपी कधी काढलीच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, टोपीचं काय मधेच. तुम्हाला बरोबर ठाऊक आहे, पण विसरल्याचं सोंग तुम्ही फार सुरेख आणता, म्हणून लिहूनच ठेवते. सामन्यात दुखणं दाखवायचं नाही, समोरच्या मुलीला वास लागतो, ही तुमची शिकवण. म्हणून आपली खूण ठरली. खांदा दुखायला लागला की मी खुर्चीवर बसून डाव्या बुटाची नाडी सोडायची आणि पुन्हा बांधायची. तुम्ही टोपी पुढे ओढलीत तर खेळत राहायचं. टोपी काढलीत तर सामना सोडून द्यायचा. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. माझ्या बाबांचं आणि माझं असं गुपित आहे, या आनंदात मी कितीतरी दिवस हवेत होते.

मोठ्या स्पर्धेची ती उपांत्य फेरी आठवते ना? तिसऱ्या सेटमध्ये प्रत्येक सर्व्हिसनंतर हात खाली लोंबायचा. बाजू बदलताना दर वेळी मी नाडी सोडत होते, बांधत होते. समालोचक म्हणाला म्हणे, या मुलीला कोणीतरी नवे बूट घेऊन द्या. तुमची टोपी भुवयांपर्यंत आली होती. मी जिंकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला दात घासायचा ब्रश उचलता आला नाही, आणि तुम्ही पत्रकारांना सांगितलंत की हिला ताप आहे. अंतिम सामना समोरचीला खेळल्याशिवायच मिळाला. हाडापासून सुटलेला स्नायू नंतर डॉक्टरीणबाईंनी दोनदा शिवला.

त्यानंतरची उतरण तुम्हाला तोंडपाठ आहे. खांदा वाचवायला सर्व्हिस बदलली, तर कोपर गेलं. क्रमवारी घसरली, मग पात्रता फेऱ्या, मग छत गळणारी, कोणी न बघणारी मैदानं. शेवटच्या सामन्यात मी खालून, लहान मुलं करतात तशी सर्व्हिस केली आणि लोक हसले. जाळ्यापाशी हात मिळवताना समोरची पोर मला सॉरी म्हणाली. मी वर पाहिलं तर तुमची खुर्ची रिकामी. गाडी काढायला गेला होतात, असं तुम्ही नंतर सांगितलंत. त्याच आठवड्यात तुम्ही धाकटीला पहाटे उठवायला सुरुवात केली.

एक मात्र खरं. माझी रॅकेटची बॅग तुम्ही मला कधी उचलू दिली नाहीत. गुडघा दुखत असतानाही स्वतःच्या खांद्यावर घेतलीत. हिचा खांदा जपायला हवा, असं सगळ्यांना सांगायचात. मी त्यावर खूप विचार केला आहे, अजून काही उमगलेलं नाही.

मागच्या आठवड्यात गुरुवारी क्लबाच्या ऑफिसात मी टीव्हीवर धाकटीचा सामना बघत होते. समोर चहा, दारात नवशिक्या पोरांचा गोंधळ. दुसऱ्या सेटमध्ये ती खुर्चीवर बसली, पाणी प्यायली, आणि वाकून डाव्या बुटाची नाडी सोडली. मला वाटलं, सुटली असेल. पुढच्या वेळी पुन्हा सोडली. कॅमेरा तुमच्याकडे वळला. तुम्ही टोपी पुढे ओढलीत.

माझ्या हातातला कप टेबलावर आडवा झाला. एवढ्या मोठ्या जगात त्या नाडीचा अर्थ कळणारी माणसं मोजकीच, आणि त्यातली एक मी. बाबा, माझ्याकडून तिला द्यायला तुम्हाला एवढंच सापडलं? माझा बॅकहँड चांगला होता. तो द्यायचा.

मी लगेच आईला फोन केला. तिला काही कळलं नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुमच्या शेजारी बसून ती विणकाम करायची, मान खाली घालून. मी नाडीचं बोलायला लागले, तर ती म्हणाली, "मला दिसते गं नाडी. तुझ्या वेळीही दिसत होती." तिच्यावरही मला राग आला, तो अजून आहे, पण तो तिचा आणि माझा प्रश्न आहे. शेवटी ती म्हणाली, "या वेळी हिची बॅग मी भरते."

तर अशी बॅग भरली गेली. तुम्ही पुढच्या स्पर्धेच्या गावी सरावाची जागा ठरवायला गेलात, तेव्हा आई धाकटीला घेऊन माझ्याकडे उतरली. आम्ही तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दंडाचं हाड खांद्याजवळ जिथे अजून वाढतंय, तिथेच ते सुटायला लागलंय. तीन महिने रॅकेट बंद. थांबली तर पूर्ण बरी होईल आणि हवं तेवढं खेळेल. नाही थांबली तर काय होईल, ते सांगायला बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. कागदावर पालक म्हणून आईने सही केली आहे. आयोजकांनाही तिनेच कळवलं, धाकटी खेळणार नाही. तेव्हा मंगळवारचा सामना, पुरस्कर्ते, शब्द गेला, नाक कापलं, हे सगळं तुमचं तुम्ही निस्तरा.

आता ती माझ्या खोलीत झोपली आहे, हात पट्टीने गळ्यात बांधलेला. काल मला विचारत होती, बाबा रागावलेत का. दुखतंय का, असं मी विचारलं तर म्हणाली, थोडंच. मी ओरडले तिच्यावर. मग तिने खरं सांगितलं आणि खूप रडली.

अजून एक, तुमच्या कानावर बाहेरून येण्याआधी. मी परत खेळायला येणार म्हणून तुम्ही अजून लोकांना सांगत असता. सोमवारी मी महासंघाला निवृत्तीचं लिहून दिलं. त्यावर मला काही ऐकायचं नाही. रडणंही झालंय माझं.

धाकटीला न्यायला याल हे मी गृहीत धरते. तिला मी देणार नाही. डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत ती इथेच राहील, तुम्ही कोणालाही घेऊन आलात तरी. भेटायला येणार असाल तर दार उघडेन, चहाही करेन. फक्त बाहेरच्या खोलीत बसून मला शिकवत बसू नका. सरळ आत जा, तिच्यासमोर उभे राहा आणि टोपी काढा. एक शब्दही बोलू नका. तिला कळेल.

मी दारातच उभी असेन. मलाही दिसेल.

तुमची,
जिच्यासाठी टोपी काढायची राहिली ती थोरली