थांबवणारी गोळी

नैरोबी,
३ जून १९६८

ती. मुल्वादादास,
धाकट्या मुसेम्बीचा सा. न. वि. वि.

दादा, परवाना मिळाला. आपल्या आजोबांनी विषारी बाण घेऊन हत्ती मारले, वडिलांनी गोऱ्यांच्या मागून त्यांच्या बंदुका वाहिल्या, आणि आता कागदावर आपलं नाव शिकारी म्हणून आलंय. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने मला विचारलं, चिडलेल्या हत्तीपुढे काय कराल. मी म्हणालो, आधी पैसे मोजून शिकारीला आलेल्या पाहुण्याला पळू देणार नाही, मग स्वतःला. तो हसला आणि त्याने सही केली.

आता खरी पंचाईत बंदुकीची. दुकानदाराने तीन रायफली पुढ्यात ठेवल्या. दुनळी हातात घेतली आणि खाली ठेवायला जीव होईना, पण ती माझ्या आवाक्यातली नाही. मग तीनशे पंचाहत्तर बोअरची. ही खांद्याला अशी बसते की डोळे मिटून नेम लागावा. तिसरी चारशे अठ्ठावन्न. काडतूस अंगठ्याएवढं, आणि धक्का असा की संध्याकाळी जेवताना घास डाव्या हाताने घ्यावा लागला. माझं मन तीनशे पंचाहत्तरवर आहे. तुझं काय म्हणणं?

माग काढायला किथेका दाजी माझ्याबरोबर येणार, हे ठरलं. ते म्हणतात, बंदूक कुठलीही घे, फक्त पुढे चालणारा माणूस तुझा मेहुणा आहे हे विसरू नकोस. काटुंगेताईने त्यांना असली थट्टा करायची नाही म्हणून दटावलं.

उत्तर लवकर धाड. तुझे आशीर्वाद आणि तुझ्या शिव्या, दोन्ही हवेत.
तुझा,
मुसेम्बी


इकुथा,
१४ जून १९६८

चि. मुसेम्बीस,
मुल्वाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका माणसाला पुरून आलो होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला. आमच्या शिकार खात्याचा नवा शिपाई, मक्यात शिरलेला हत्ती हाकलायला माझ्यासोबत आला होता. हत्तीने सोंड उचलली आणि याने घाईने कपाळावर झाडली. बंदुकीत मऊ टोकाची गोळी. ती कपाळाच्या हाडात फुटून पसरली, आत गेलीच नाही. हत्तीने त्याला सोंडेने खाली ओढलं, छातीवर पाय दिला आणि मग एक हात उपटून झुडपावर टाकला. माझ्या अखंड गोळ्या, कठीण टोकाच्या, हाडात न फुटणाऱ्या, कानामागून आरपार गेल्या, हत्ती पडला, पण त्या पोराच्या छातीत तोवर छाती उरली नव्हती.

म्हणून सांगतो. मारणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. तीनशे पंचाहत्तर मारते, त्यात शंका नाही. पण काळजात गोळी घेऊनही रानरेडा अंगावर येतो, आणि मरायच्या आधी तुला मारून जातो. पाहुणा मारतो, तुझं काम थांबवायचं. चारशे अठ्ठावन्न घे. डाव्या हाताने जेवायची सवय कर. हत्तीला नेहमी अखंड गोळी. जखमी रेड्यामागे झुडपात शिरलास तरी अखंडच, कारण तो समोरून येतो आणि मध्ये त्याचं सगळं डोकं असतं.

काडतुसांची सोय मी केली आहे. घायपाताच्या मळ्याचा मालक देश सोडून गेला, तेव्हा त्याने चारशे अठ्ठावन्नची एक पेटी मला दिली होती. तेव्हापासून पत्र्याच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून माझ्या छपराखाली जपून ठेवली आहे. पाण्याचा थेंब लागू दिला नाही. किथेकाबरोबर पाठवतो. दोन झाडून बघ. आणि गाडीत उन्हात ठेवू नकोस, दारू खराब होते.

काटुंगे घाबरते, तिच्यासमोर फुशारक्या मारू नकोस. जपून राहा.
तुझा दादा,
मुल्वा


अथी नदीकाठचा तळ,
२१ ऑगस्ट १९६८

ती. दादास,
मुसेम्बीचा सा. न.

माणूस धाडून निरोप दिलाच आहे, तरी काय घडलं ते तुला माझ्या हातचं कळावं.

पाहुण्याने रेड्याच्या पोटात गोळी घातली. त्याच्या आतड्यांतला हिरवा रस पानांवर सांडत गेला होता. पाहुण्याला गाडीत बसवलं आणि दाजी व मी मागावर निघालो. काटेरी झुडपाच्या तोंडाशी दाजी थांबले. हळूच म्हणाले, "पानं हलत नाहीत. म्हणजे तो आपल्याकडे बघतोय."

तो बाजूने आला, दादा. मागे वळून, स्वतःच्याच वाटेवर दबा धरून उभा होता. माझी पहिली गोळी हुकली. दुसरीला उशीर झाला. शिंग दाजींच्या मांडीत शिरून पोटातून वर आलं. त्याने त्यांना झटकलं, पडल्यावर पुन्हा उचललं, आणि मग गुडघे टेकून कपाळाने जमिनीत रगडत राहिला. मी नळी त्याच्या मानेला टेकवून तिसरी झाडली, तेव्हा तो बाजूला झाला आणि मानेतून रक्त गाळत झुडपात गेला. दाजींचे डोळे उघडे होते, आणि मी त्यांची आतडी दोन्ही हातांनी आत धरून बसलो होतो.

माझा हात थरथरला. दुसरं काही कारण नाही. कुणी काही विचारलं तर तू हेच सांग. उरलेली काडतुसं मी नदीत फेकली, मला त्यांच्याकडे बघवेना.

पुरायला येईन. ताईपुढे कसा उभा राहू?
तुझा,
मुसेम्बी


मुटोमो,
५ सप्टेंबर १९६८

ती. मुल्वादादास,
काटुंगेचा नमस्कार.

मातीच्या दिवशी मी जे बोलले ते सगळ्या गावाने ऐकलं. मुसेम्बीला मी विचारलं की तुझ्या हातात बंदूक होती की गुरं वळायची काठी. त्याने मान खाली घातली. तू त्याला बाजूला नेलंस, माझ्याकडे रागाने पाहिलंस. खुशाल पाहा. मी एक शब्द मागे घेणार नाही. त्याने पाठवलेलं धान्याचं पोतं मी आल्या वाटेने परत केलं.

मी लिहिते ते वेगळ्याच कारणाने. तो रेडा जिवंत आहे. परवा त्याने नदीवर पाणी भरणाऱ्या बाईला उडवलं, तिचा खुबा मोडला. बायका पाण्याला जात नाहीत. शिकार खात्याचा माणूस तू आहेस. ज्याने माझा नवरा मातीत रगडला तो अजून त्याच नदीचं पाणी पितो, आणि मी ते ऐकत घरात बसू का? त्याला मार. मुसेम्बीला बरोबर नेऊ नकोस.

बाकी काय लिहू. मुलं बरी आहेत.
काटुंगे


इकुथा,
१९ सप्टेंबर १९६८

चि. काटुंगेस,
मुल्वाचे आशीर्वाद.

रेडा मेला. नदीच्या लव्हाळ्यातून आला तो सरळ माझ्यावरच. खात्याच्या रायफलीतली पहिली छातीत घातली तरी तो येतच राहिला, दुसरी मानेच्या मणक्यात बसली आणि तो तोंडावर कोसळला. त्याच्या नाकातलं रक्त माझ्या पायावर उडालं. मग मी एक गोष्ट केली, जी शिकारीनंतर सहसा करत नाही. लोक मांसासाठी सुऱ्या घेऊन उभे होते. त्यांना थांबवून उजवा खांदा मी स्वतः सोलला.

तुझ्या नवऱ्याच्या वेळची गोळी तिथे होती. जाड, चारशे अठ्ठावन्नची. मुसेम्बीचीच, पाहुण्याची बारीक होती. ती हुकली नव्हती, काटुंगे. नेम असा की पुढे काळजावाचून दुसरं काही लागलं नसतं. पण गोळी कातडीखाली मांसात अडकली होती, हाडाला नुसता काळा डाग. टोक अजून कोरं. मागे दारूच नसल्यासारखी ती गेली होती. मग मान चिरली, तिथे टेकवून झाडलेली गोळीही तशीच वरवर रुतलेली निघाली.

मी तळावर जाऊन त्या दिवशी गाडीत थांबलेल्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, पहिला बार ओलं फडकं दगडावर आपटावं तसा वाजला, दुसऱ्याला घोडा नुसता कट् वाजला, हे मुसेम्बीच्या तोंडून निसटलं होतं. मुसेम्बीने त्याला शपथ घातली होती की मला सांगायचं नाही.

ती काडतुसं मी दिली होती. पावसापासून जपली, आणि वर्षानुवर्षं पत्र्याच्या छपराखाली ठेवली, जिथे दुपारी हात लावला तर चटका बसतो. त्याने दोन झाडून बघितली होती, ती नीट निघाली. पेटीत चांगली आणि मेलेली, दोन्ही मिसळलेली होती. त्याला हे बार वाजताक्षणी कळलं असणार. तरी त्याने हात थरथरला म्हणून लिहिलं, आणि गावासमोर तुझं बोलणं खाली मान घालून ऐकलं. मला वाचवायला.

त्याला न विचारता लिहितोय. तुला जे वाटेल ते मला बोल, त्याला नको. मी रविवारी येतो.
मुल्वा


मुटोमो,
२६ सप्टेंबर १९६८

चि. मुसेम्बीस,
काटुंगेचे आशीर्वाद.

तू माझ्याशी खोटं बोललास. दादासाठी बोललास, हे आता कळलं. तरी ते खोटंच, आणि त्या खोट्याने मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडावर सगळ्या गावादेखत थुंकले. तुला काय वाटलं, माणूस गेल्यावर मला भाऊ हवा असेल की शिव्या द्यायला कुणीतरी? मी तुला शिव्या देत होते तेव्हा तू उभा राहून त्या साठवत होतास, आणि रात्री मी त्या पुन्हा आठवून रडत होते.

जे गावासमोर बोलले ते गावासमोरच मागे घेईन. पुढच्या बाजाराच्या दिवशी ये. चिंचेखाली सगळे बसलेले असतात तेव्हा मी उठून सांगेन की किथेका गेला तेव्हा माझ्या भावाचा हात थरथरला नव्हता, आणि त्याने नळी रेड्याच्या मानेला टेकवली होती. मुलांनाही तिथे बसवणार आहे. त्यांच्या बापाच्या शेवटच्या वेळी त्याला कुणी धरलं होतं हे त्यांना ठाऊक असावं. शिकारीचं काम सोडायची भाषा करतोस म्हणे. ते तुझं तू ठरव, पण माझ्या नावावर ते खपवू नकोस.

दादा रविवारी आला होता. अंगणात बसून राहिला, आत ये म्हटलं नाही आणि तोही आला नाही. कुंपणाचे मोडलेले काटे नीट लावत बसला. त्याने जाणूनबुजून केलं नाही हे मला कळतं. कळतं म्हणून काय झालं? उन्हं कलल्यावर मी त्याला पाणी नेऊन दिलं. जेवायला वाढलं नाही. अजून माझ्याने तेवढंच होतं.

तू ये. तुला जेवायला वाढीन. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस, आणि दादालाही सांग की त्याने येत राहावं.
तुझी ताई,
काटुंगे